दहा नंबरच्या सुईचं भोक

४ जानेवारी, शनिवार

लेन्स मेली! विरारच्या दुरुस्तीवाल्याने ती उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "आत सगळी बुरशी, मॅडम. साफ केली तरी परत येणार. आपल्याकडची हवाच तशी." कॅमेरा मात्र ठणठणीत आहे. म्हणजे गाडी आहे, चाकं नाहीत.

जयवंतला सांगितलं तर म्हणे, "पाच वर्षं कपाटात ठेवलास. मुरला." साताऱ्याचा माणूस, वसईत वीस वर्षं राहूनही इथल्या दमट हवेचं खापर माझ्यावर फोडतो.

मी चिडून नेटवर बसले. आणि काय सापडलं! कॅमेऱ्याला लेन्स लागतच नाही म्हणे. भोक पुरतं! लेन्स काढली की कॅमेऱ्याच्या तोंडाला जे काळं झाकण लावतात, त्याला मधोमध छिद्र पाडायचं, त्यावर पातळ पत्रा चिकटवायचा आणि पत्र्याला सुईने टोचायचं. बस्स. शाळेत खोक्याला भोक पाडून मेणबत्ती उलटी बघायचो, तेच.

जयवंत म्हणाला, "संजना, लोक लेन्सवर लेन्स घेतात आणि तू झाकणाला भोकं पाडणार?"

हो. पाडणार!

५ जानेवारी, रविवार

पाडलं. झाकणाला ड्रिल जयवंतनेच मारलं. हसत होता, पण मापून मारलं. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापला (बोटही कापलं), दहा नंबरच्या सुईने खालून नुसतं टोचलं, वर आलेला फुगवटा पॉलिश पेपरने घासला, पुन्हा टोचलं, पुन्हा घासलं. मागून काळा मार्कर फासला. उजेडाकडे धरून बघितलं तर भोक छान गोल! इतका आनंद मला प्रमोशनला झाला नव्हता.

झाकण लावलं आणि बटण दाबलं. कॅमेरा ढिम्म. स्क्रीनवर लिहून आलं, लेन्स लावलेली नाही. अरे, मला माहीत आहे नाहीये! तासभर मेनूत घुसून "लेन्सशिवाय चालू दे" अशा अर्थाचं काहीतरी सापडलं.

पहिला फोटो काळा. दुसरा काळा. तिसरा काळा, पण जरा वेगळा काळा.

७ जानेवारी

खिडकीची जाळी आली! धुरकट, पण आली!

९ जानेवारी

फोटोभर काळे ठिपके. वाटलं, पत्रा खराब. नाही. ती कॅमेऱ्याच्या आत पाच वर्षं साठलेली धूळ. लेन्स होती तेव्हा दिसली नसती, आता भोकातून कणन् कण दिसतो. फुंकणीने हवा मारून थोडी काढली. उरलेल्या धुळीला मी आता नावाने ओळखते.

ऑफिसचं काम घरून असल्याचा एक फायदा. मीटिंग चालू होती, कॅमेरा खिडकीत उभा होता. साहेब बोलत होते, मी सेकंद मोजत होते.

१२ जानेवारी, रविवार

राजोडी! रविवारचा किनारा म्हणजे जत्रा. घोडागाडी, भुट्टे, रीलवाली पोरं, ओल्या साड्या. मी स्टँड रोवला, झाकण लावलं आणि पंधरा सेकंदांचा फोटो घेतला. बघते तर किनाऱ्यावर एकही माणूस नाही! सगळे गेले. जे हलले ते पुसले गेले. राहिलं काय, तर बांबूवर वाळत घातलेले बोंबील, उसाच्या रसाचं चाक (बंद पडलं होतं म्हणून) आणि वाळूत गाढ झोपलेलं एक कुत्रं.

मी तिथेच उड्या मारल्या. जयवंत म्हणाला, "लोक बघतायत." म्हटलं, बघू देत, फोटोत नाहीत ते!

मग त्याला उभा केला. हलायचं नाही. पंधरा सेकंदांत त्याने नाक खाजवलं, मोबाईल बघितला, मान वळवली. फोटोत दोन पाय आणि बूट. वर कोणीच नाही. हा आमच्या लग्नानंतरचा सर्वात चांगला फोटो.

१४ जानेवारी, संक्रांत

सांडोरला, माहेरी गेले. आईने हातावर तिळगूळ ठेवला आणि कानात बातमी. बाबा वाडी देतायत.

लग्नाच्या लॉनवाला एकजण तीन महिने फेऱ्या मारतोय. आमची वाडी आणि शेजारची फेबियनकाकांची, दोन्ही मिळून हव्यात. एकच वाडी घेऊन त्याला उपयोग नाही. माघी गणपती झाला की सही. केळी काढायची, भराव टाकायचा, वर हिरवी चटई आणि दिवे. राजेळी केळीची झाडं बाबांच्या हातची आहेत!

मी बाबांना विचारलं तर म्हणाले, "डोळेच नाय तर वाडी कशी बघू?"

गेल्या वर्षी त्यांनी कच्चा घड उतरवला. पिकलाय असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा. पाटाचं पाणी दिसलं नाही आणि गुडघाभर चिखलात बसले. या वर्षी सुकेळी केलीच नाहीत. राजेळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची, सुक्या पानात बांधायची. जानेवारीत अंगणात त्याचा गोड वास नाही असं मला आठवतच नाही. यंदा अंगणात नुसती वाळवणाची रिकामी मांडणी.

डॉक्टर म्हटलं की बाबा उठून जातात. आई म्हणाली, "बाय, त्यांच्या बापाचे डोळे काचबिंदूने गेले. हे धरून बसलेत की आता आपला नंबर. डॉक्टरने ते तोंडावर सांगितलेलं नको त्यांना."

रिक्षात बसून रडले. लिहून ठेवते, कारण हे जयवंतला सांगितलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

पुन्हा सांडोर. ठरवलंय, वाडी आहे तोवर तिचे फोटो काढायचे. लेन्स नाही तर भोकातून. उलट बरंच झालं, केळीची पानं हलतात म्हणून फोटोत हिरवा धूर होतो आणि खोड तेवढं ठाम उभं राहतं. इतकी सुंदर कधी दिसली नव्हती ही वाडी.

संध्याकाळी बावखलावर, वाड्यांना पाणी देणाऱ्या जुन्या तळ्यावर. बाबा आणि फेबियनकाका तिथे रोज बसतात. मी जन्मायच्या आधीपासून बसतात. काम संपलं की दोघे पायऱ्यांवर उतरणार, चष्मे काढून दगडावर ठेवणार, बावखलाच्या पाण्याने तोंड धुणार आणि अंधार पडेस्तोवर एकमेकांना शिव्या देणार.

म्हटलं, दोघं गप्प बसा, फोटो काढते. हलू नका.

"किती वेल?" फेबियनकाका.

"वीस सेकंद."

"वीस सेकंद ह्याच्या बाजूला गप बसायचं? मिस्सात पन बसत नाय मी."

"मिस्सात तू आता करतोस काय? वाचन तर सोडलंस," बाबा म्हणाले.

मग काका खरंच गप्प झाले. चाळीस वर्षं रविवारी चर्चच्या प्रार्थनेत, मिस्सात, उभं राहून बायबलचं वाचन करायचे, काय आवाज! गेल्या वर्षी सोडलं. अक्षरं दिसेनात. "वय झालं," एवढंच म्हणतात. वाडी द्यायला तेही तयार झालेत. नथू (म्हणजे बाबा) देतोय तर मी एकटा कोणासाठी ठेवू, हे त्यांचं म्हणणं.

वीस सेकंद कसले! काकांनी मान हलवली, बाबा शिंकले. फोटोत दोन म्हाताऱ्यांच्या जागी दोन धुराचे लोट आणि दगडावर दोन चष्मे, अगदी स्पष्ट. दोन्ही तपकिरी, एकाच साच्यातले. चर्चच्या हॉलमध्ये डोळ्यांचं शिबिर झालं तेव्हा अर्ध्या सांडोरने हीच फ्रेम घेतली होती.

मी चिडले. बाबा हसले. किती दिवसांनी हसले!

१९ जानेवारी, रविवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी ओट्यावर झाकण पुसत होते. बाबा म्हणाले, "बघू तुझा भोक." चेष्टा म्हणून चष्मा कपाळावर सारला आणि झाकण डोळ्याला लावलं.

आणि हललेच नाहीत. काल वीस सेकंद जमले नव्हते त्यांना!

"ह्याच्यात भिंग हाय?"

"नाही बाबा. नुसतं भोक आहे."

"खोटं बोलू नको. चर्चचा क्रूस दिसतोय मला. वरचा कावला पन दिसतोय."

मी बघितलं. क्रूसावर कावळा होता.

मग त्यांनी झाकण वाडीकडे फिरवलं. घड बघितले. एक, दुसरा, तिसरा. मोठ्याने बोलत होते, "हा आठवड्यात येल. ह्याला अजून टाईम हाय. अरे ह्याला टेकू कोनी नाय दिला?" आई चुलीपासून उठून दारात आली. मला तर भीती वाटली की बोललो तर जाईल.

२० जानेवारी

झाकण नाही! काल बॅगेत टाकलं होतं. सगळी बॅग उलटी केली. जयवंत म्हणतो, "रिक्षात पडलं असेल." माझं एवढं गोल भोक!

२५ जानेवारी, शनिवार

झाकण सापडलं. चोरही सापडला.

मी फाटकातून आत शिरले तर बाबा वाडीत, एका हाताने लुंगी सावरलेली, दुसऱ्या हाताने माझं झाकण डोळ्याला लावलेलं. एकेका केळीपाशी थांबतायत, मान वर करून बघतायत, पुढे जातायत. चष्मा कपाळावर. माझी चाहूल लागली तसं झाकण पटकन खिशात!

"बाबा, ते माझं आहे."

"काय?"

"खिशातलं."

"तुझ्याकडे दुसरं असेल," म्हणाले. सत्तर ओलांडलेला माणूस, आणि तोंड दुसरीतल्या पोरासारखं.

मी इतकी हसले की खाली बसले. आईने चुगली केली. आठवडाभर हेच चालू आहे. सुई ओवून दे म्हटलं तर चष्मा वर करून एका झटक्यात ओवतात, आणि लांबचं बघायचं तर झाकण. "आनि एकटे नाय," आई म्हणाली, "तो पन."

२६ जानेवारी, रविवार

तो पन! आज बघितलं डोळ्यांनी. बावखलाच्या पायरीवर फेबियनकाका उन्हात पुस्तक धरून, डोळ्याला झाकण, आणि मोठ्याने वाचन चाललंय. तोच आवाज! एकेक ओळ, सावकाश, पण खणखणीत. बाबा शेजारी बसून म्हणत होते, "पुरे आता, माझी पाली." आणि काका एक बोट वर करून पुढे वाचतायत.

मी दोघांना काळ्या पुठ्ठ्याची एकेक चकती करून दिली. भांडण मिटलं. माझं झाकण परत मिळालं. आता त्याला तंबाखूचा वास येतो.

२८ जानेवारी

झोपायच्या आधी जयवंत सहज बोलून गेला. "डोळा गेला असता तर भोकाने आला कसा?"

मी उठून बसले. बरोबरच आहे की! डोळ्यातला मागचा पडदाच बिघडला असेल तर पुढे भोक लावून काय उपयोग? सेन्सर मेला असता तर मी हजार झाकणं लावली असती तरी फोटो काळाच आला असता. बाबांचं तसं नाहीये. बाबांचं फोकसचं काहीतरी आहे. नुसतं फोकसचं!

की मीच आशेने वेडी झालेय? काचबिंदू असेलही. मला काय कळतं त्यातलं.

पण माघी गणपती शनिवारी आहे. त्याआधी त्यांना तपासायला न्यायचंच. प्रश्न एकच, नेणार कसं.

२९ जानेवारी

सुचलं!

३१ जानेवारी, शुक्रवार

रजा टाकली. बाबांना म्हटलं, पापडीला दीपेशच्या चष्म्याच्या दुकानात माझ्यापेक्षा चांगलं भोक मिळतं. पत्र्याचं नाही, तयार. एकात बरीच भोकं!

बाबांनी शर्ट बदलला. "फक्त भोक घ्यायचा. तपासनी नाय."

"तपासणी कशाला? भोक घ्यायचं आणि परत."

दीपेशला आधी फोन करून ठेवला होता. त्याने खरोखरच ड्रॉवरमधून काळी दांडीवाली चकती काढली, भोकाभोकांची. "काका, हे तर आम्ही पण वापरतो. बसा, लावून बघा, समोरचं वाचा." बाबांनी वाचलं. वरून खालपर्यंत! शेवटची ओळ वाचून माझ्याकडे अशा ऐटीत बघितलं की बस्स. तेवढ्यात दीपेश म्हणाला, "आता तेच ह्या भिंगातून." बाबा अडकले होते. खुर्चीत बसलेला माणूस उठणार कसा?

नंबर निघाला. मग वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे. जिना चढताना बाबांनी माझं मनगट धरलं, लहानपणी बावखलात उतरताना मी त्यांचं धरायचे तसं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा दाब बघितला, आतलं सगळं बघितलं. तरुण मुलगी. म्हणाल्या, "काचबिंदू नाही, आजोबा. मागचा पडदा छान आहे. थोडा मोतीबिंदू आहे, त्याची घाई नाही. तुम्हाला फक्त लांबचा चष्मा हवा."

बाबांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर मिळालं. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर धाय मोकलून रडले असते.

खाली आलो तर दीपेशने बाबांचा जुना चष्मा मशीनवर ठेवला होता. "काका, हा घालून तुम्ही चालता? हा वाचायचा चष्मा आहे! लांबचं धूसरच दिसणार. डोकं दुखत नाही?"

"दुखतं," बाबा म्हणाले. मग शिबिरवाल्यांच्या नावाने जो उद्धार सुरू केला तो सांडोर येईपर्यंत. आपल्याला चुकीचा चष्मा दिला, वर्ष फुकट घालवलं, कच्चा घड त्यांच्यामुळे उतरवला! नवीन चष्मा मंगळवारी मिळेल.

घरी पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाले, "जिजा, सुकेल्यांचं फडकं काढ. आनि त्या लॉनवाल्याला सांग, येऊ नको. वाडी रिकामी नाय."

आईने फोन लावला. लावून माझ्याच हातात दिला. मीच सांगितलं.

१ फेब्रुवारी, माघी गणपती

आरती झाली, मोदक झाले. दुपारी उगाच बावखलावरचा फोटो मोठा करून बघत बसले होते. दोन धुराचे लोट. दगडावर दोन चष्मे. एकाच फ्रेमचे. बाबांना लांबचं दिसत नाही. काकांना जवळचं दिसत नाही. दोघं रोज चष्मे काढून तोंड धुतात—

अगं बाई!

२ फेब्रुवारी, रविवार

मिस्सा सुटल्यावर फेबियनकाकांना थेट पापडीला नेलं. दीपेशने त्यांचा चष्मा मशीनवर ठेवला, परवाचा कागद काढला, दोन्हीकडे बघितलं आणि हसायलाच लागला. बाबांचा नंबर. अगदी तोच.

एक वर्षाहून जास्त! एक वर्ष दोघे एकमेकांच्या चष्म्यातून जग बघत होते आणि वय झालं म्हणून वाड्या विकायला निघाले होते.

संध्याकाळी बावखलावर दोघांनी चष्मे बदलले. मी कॅमेरा लावून उभी होते. वीस सेकंद झाले, चाळीस झाले, दोघे एकमेकांकडे बघत बसले होते, कोणी हललं नाही. मग बाबा म्हणाले, "फेब्या, किती म्हातारा झालास रे तू!"